हिवरे बाजार : पाण्याचा ताळेबंद मांडणारे गाव

आपल्या महाराष्ट्रात वृक्षांवरून नावे पडलेली गावे पुष्कळ आहेत. वडगाव, पिंपळगाव, बाभुळगाव, चिंचोली ही नावे कानी पडताच त्या त्या झाडाची सावली डोळ्यांपुढे उभी राहते. हिवर हाही असाच एक वृक्ष. बाभळीच्या कुळातील, काटेरी, फिकट सालीचा आणि हलक्या, मुरमाड जमिनीतही तग धरणारा. त्याच्या नावाची गावे ठिकठिकाणी आढळतात. परंतु अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील नगर तालुक्यात एक लहानसे गाव असे आहे की, ज्याच्या नावात हिवराच्या शेजारी ‘बाजार’ येऊन बसला आहे. पूर्वी येथे मोठा बाजार भरत असे, अशी आख्यायिका आहे. आज बाराशेच्या आसपास वस्ती असलेले हे गाव प्रसिद्ध आहे ते मात्र निराळ्याच कारणाने. पाणी आणि जमीन या दोन गोष्टी बाजारात मांडावयाच्या नाहीत, असा निश्चय या गावाने केला व तो पाळला.

पूर्वस्थिती

हा सारा प्रदेश पर्जन्यछायेतील. वर्षाकाठी पाऊस चारशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. डोंगर उघडे पडलेले, वृक्षतोड व मोकाट चराई अनिर्बंध. पडलेला पाऊस माती घेऊन वाहून जाई आणि हिवाळा सरण्यापूर्वीच विहिरी तळ गाठीत. रोजगारासाठी पुष्कळ कुटुंबांनी गाव सोडले. मद्यपान व भांडणतंटे यांनी उरलेल्यांना ग्रासले. १९८९ साली तरुणांच्या आग्रहावरून श्री. पोपटराव पवार यांची सरपंचपदी बिनविरोध निवड झाली आणि येथून पालट सुरू झाला.

आधी शिस्त, मग बांध

याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धीचा आदर्श समोर होताच. शासनाच्या आदर्श गाव योजनेत १९९४ च्या सुमारास हिवरे बाजारचा समावेश झाला. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी व श्रमदान ही पंचसूत्री ग्रामसभेने स्वीकारली. रोजगार हमी योजनेतून डोंगरउतारावर समतल चर खोदण्यात आले, नाल्यांवर बांध घालण्यात आले व वृक्षलागवड करण्यात आली. उतारावरून धावणारे पाणी चरात थांबते, थांबलेले मुरते व मुरलेले खालच्या विहिरीत उतरते. या साध्या तत्त्वावर सारे काम उभे आहे.

चराईबंदीचे फळ तर डोळ्यांत भरण्यासारखे आहे. जनावरे डोंगरावर सोडावयाची नाहीत, गवत कापून गोठ्यात आणावयाचे, असा नियम झाला. २००० साली सुमारे १०० टन मिळालेले गवत २००४ साली ६,००० टनांवर गेल्याची नोंद आहे. गवताबरोबर दूध वाढले. दिवसाला दीडशे लिटरच्या आसपास असलेले दुग्धोत्पादन काही हजार लिटरांच्या घरात पोहोचले. १९९५ साली १६८ कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती. २०१० साली ती अवघी तीन उरली.

पाण्याचा जमाखर्च

बांधबंदिस्ती इतरत्रही झाली आहे. मग हिवरे बाजारचे वेगळेपण कशात? अडविलेले पाणी कोणी व किती उपसावयाचे, हे या गावाने ठरविले, यात.

आपल्यापैकी प्रत्येकास करता येण्याजोगा हिशेब पाहा. एक हेक्टर क्षेत्रावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर दहा हजार लिटर पाणी मिळते. गावाचे क्षेत्र सुमारे ९७७ हेक्टर. चारशे मिलिमीटर पाऊस धरला, तर जमा होते सुमारे ३९० कोटी लिटर. आकडा मोठा दिसतो. परंतु त्यातील बरेच पाणी बाष्परूपाने उडून जाते, काही ओढ्यातून वाहून जाते, काही मातीत ओल म्हणून राहते. विहिरीच्या वाट्यास येते ते उरलेले. पर्जन्यमापकावरील नोंदी व विहिरींच्या पातळ्या पाहून हा ताळेबंद दरवर्षी ग्रामसभेपुढे ठेवला जातो. माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी प्रथम बाजूस काढावयाचे, नंतर पिकांचा विचार करावयाचा. पाऊस कमी झाला, तर रब्बीची पेरणी त्या मानाने आवरती घ्यावयाची.

याच हिशेबातून निर्बंध आले. शेतीसाठी विंधन विहीर घ्यावयाची नाही. ऊस, केळी यांसारखी अतिशय पाणी पिणारी पिके घ्यावयाची नाहीत. गावची जमीन बाहेरच्यास विकावयाची नाही. विंधन विहिरीवरील बंदी कित्येकांस जाचक वाटेल. परंतु आपल्या काळ्या कातळाच्या मुलखात पावसाचे पाणी मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात साठते व साध्या विहिरींना मिळते. खोल गेलेले छिद्र अनेक वर्षांची ठेव थोडक्या काळात उपसते आणि शेजाऱ्याची विहीरही कोरडी पाडते.

एक प्रश्न

गेल्या वर्षी माझ्या कार्यक्षेत्रातील एका सभेत मी ही माहिती सांगत असता एक वयस्क शेतकरी उठून म्हणाले, “साहेब, ऊस सोडा म्हणता; पण खात्रीने पैसा देणारे दुसरे पीक दाखवा, मग बोला.” त्यांनी संत्र्याची बाग वाचविण्यासाठी एकामागून एक तीन विंधन विहिरी घेतल्या होत्या. तिन्ही कोरड्या गेल्या, बाग वाळली व कर्ज अंगावर राहिले. मला त्यांना तत्काळ उत्तर देता आले नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. उसाची खात्री आहे हे खरे. परंतु ती खात्री विहिरीत पाणी असेपर्यंतचीच. हिवरे बाजारच्या शेतकऱ्यांनी कांदा, भाजीपाला व दुग्धव्यवसाय यांवर आपला प्रपंच उभा केला. २०१२-१३ च्या कडक दुष्काळातही त्यांना पिण्याच्या पाण्यासाठी टँकर मागवावा लागला नाही. त्या गृहस्थांसमवेत बसून मी पुढे त्यांच्या विहिरीचा हिशेब मांडला. यंदा त्यांनी कमी क्षेत्रावर कांदा व उरलेल्या रानात ज्वारी घेतली आहे. कर्ज अद्याप फिटलेले नाही, पण चौथी विंधन विहीर त्यांनी घेतली नाही.

आपण काय करावे?

गावात एक पर्जन्यमापक बसवावा व रोजची नोंद शाळेच्या फळ्यावर लिहावी. चार-पाच विहिरी निवडून पावसाळ्यानंतर त्यांची पाणीपातळी मोजावी. रब्बीच्या पेरणीपूर्वी ग्रामसभा घेऊन पिकांचे क्षेत्र ठरवावे. यास फारसा पैसा लागत नाही; लागतो तो एकमेकांवरील विश्वास व शेजाऱ्याच्या विहिरीविषयी आस्था.

श्री. पवार यांना २०२० साली ‘पद्मश्री’ जाहीर झाली, तेव्हा या लहान गावाचे नाव देशभर गेले. आपल्या गावाचे नाव कोणतेही असो. यंदाच्या पावसाचा हिशेब तेथे मांडला गेला आहे काय, एवढे प्रत्येकाने स्वतःस विचारावे.