दोरी आणि साहेबांचा राग

कॅलिफोर्नियातील फ्रीमाँटचा जनरल मोटर्सचा कारखाना 1982 साली बंद पडला, तेव्हा गैरहजेरी व भांडणे यांचे खापर कामगारांच्याच माथी फुटले. 1984 मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तो पुन्हा सुरू झाला. कामगार बहुतांशी तेच होते. बदलली ती वरिष्ठांची रीत. दोष दिसताच कोणाही कामगाराने दोरी ओढावी, प्रसंगी सारे काम थांबवावे, आणि पर्यवेक्षकाने न रागावता मदतीला धावावे, असा नवा दंडक होता. पूर्वी काम थांबविणे हा अपराधच मानला जाई! दोरीला खर्च तो कितीसा? मात्र खोळंबलेल्या कामासमोर कपाळावर आठी न आणण्याचा संयम पदवीबरोबर मिळत नाही. साहेब एकदा खेकसले, की पुन्हा ती ओढण्यास कोण धजणार? हीच पद्धत आपल्या इतर कारखान्यांत रुजविणे जनरल मोटर्सला दीर्घकाळ जड गेले, ते यंत्रांच्या उणिवेमुळे खचितच नव्हे.