नाटोत नवा देश कसा दाखल होतो?

१८ मे २०२२ रोजी फिनलंड आणि स्वीडन या शेजाऱ्यांनी ब्रुसेल्समध्ये नाटोच्या सदस्यत्वासाठी एकत्रच अर्ज दिले. फिनलंड आत गेला ४ एप्रिल २०२३ ला आणि स्वीडन ७ मार्च २०२४ ला. दोघांचा अर्ज एका दिवसाचा आणि तयारीही जवळपास सारखीच, तरी प्रवेशात अकरा महिन्यांचं अंतर पडलं. ते का पडलं, हे नाटोच्या प्रवेशप्रक्रियेत शिरल्यावर कळतं.

या प्रक्रियेचा पाया म्हणजे नाटोची स्थापना करणाऱ्या १९४९ च्या वॉशिंग्टन कराराचं दहावं कलम. नवा देश युरोपातला हवा, कराराची तत्त्वं पुढे नेण्याची आणि उत्तर अटलांटिक प्रदेशाच्या सुरक्षेला हातभार लावण्याची त्याची कुवत हवी आणि त्याला बोलावण्यावर सगळ्या सदस्यांचं एकमत हवं. बहुमत इथे चालत नाही. स्वतःचं सैन्य नसलेल्या आइसलँडचा नकारसुद्धा अमेरिकेच्या नकाराइतकाच भारी. अट कडक वाटते, पण ती रास्त आहे. पाचव्या कलमानुसार एका सदस्यावरचा सशस्त्र हल्ला सगळ्यांवरचा मानला जातो. फिनलंडला आत घेणं म्हणजे रशियाला लागून असलेल्या त्याच्या सुमारे १,३४० किलोमीटर सीमेच्या रक्षणात भागीदार होणं. असं ओझं कुणाच्या डोक्यावर बहुमताने कसं टाकणार?

अर्जानंतर नेत्यांची संमती, मग वाटाघाटी, मग प्रवेशाचा मसुदा. पूर्व युरोपातल्या बहुतेक देशांना त्याआधी सदस्यत्व कृती आराखड्यातून जावं लागलं; दरवर्षी सैन्य, कायदे, खर्च यांच्या सुधारणांचा हिशेब द्यावा लागला. फिनलंड आणि स्वीडन यांची सैन्यं नाटोसोबत आधीपासून सराव करत होती, त्यामुळे हा टप्पा त्यांना लागलाच नाही. ४ जुलै २०२२ ला चर्चा आटोपली आणि दुसऱ्याच दिवशी मसुद्यावर तीसही सदस्यांच्या सह्या झाल्या.

अनेकांना वाटतं की सही झाली म्हणजे काम झालं. खरी कसोटी इथून पुढे. प्रत्येक सदस्य देशाने आपल्या घटनेप्रमाणे मसुद्याला मंजुरी द्यायची आणि तसं अमेरिकी सरकारला कळवायचं, कारण कराराची मूळ प्रत त्यांच्याकडे असते. कॅनडाने हे सह्यांच्याच दिवशी उरकलं. अमेरिकी सिनेटने ऑगस्टमध्ये ९५ विरुद्ध १ मतांनी संमती दिली. मागे राहिले तुर्कस्तान आणि हंगेरी. या काळात अर्जदाराला बैठकांना बसता येतं, पण पाचव्या कलमाचं कवच मिळत नाही. सगळ्यांत धोक्याचा काळ हाच. ब्रिटनने मे २०२२ मध्येच दोन्ही देशांना मदतीची वेगळी हमी दिली होती, ती हे ओळखूनच.

शेवटचा टप्पा जवळून पाहण्यासारखा आहे. ४ एप्रिल २०२३ ला ब्रुसेल्समध्ये तुर्कस्तानने आपलं मंजुरीपत्र अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री अँटनी ब्लिंकन यांच्या हाती दिलं. ते शेवटचं होतं. त्यानंतरच महासचिव येन्स स्टोल्टनबर्ग यांच्याकडून फिनलंडला करारात सामील होण्याचं निमंत्रण गेलं. मग फिनलंडचे परराष्ट्रमंत्री पेक्का हाविस्तो यांनी आपला प्रवेशदस्तऐवज ब्लिंकन यांच्याकडे सोपवला आणि त्या क्षणी फिनलंड एकतिसावा सदस्य झाला.

स्वीडन मात्र अडकून पडला. कुर्दी संघटना पीकेकेच्या समर्थकांना तिथे आसरा मिळतो, अशी तुर्कस्तानची तक्रार होती. स्वीडनने दहशतवादविरोधी कायदा कडक केला. तुर्की संसदेने जानेवारी २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि लगेच अमेरिकेने तुर्कस्तानला एफ-१६ विमानं विकायला हिरवा कंदील दाखवला. हंगेरीने फेब्रुवारीच्या अखेरीस होकार दिला, तोही स्वीडनकडून चार ग्रिपेन लढाऊ विमानांचा सौदा ठरल्यावर. एकमताच्या नियमाची ही दुसरी बाजू. ज्याचा होकार राहिला, तो त्या होकाराची किंमत मागू शकतो.

ही किंमत कधी नावापर्यंतही जाते. ग्रीसच्या हरकतीमुळे मॅसिडोनियाला २००८ च्या बुखारेस्ट परिषदेत निमंत्रण मिळालं नाही. २०१८ मध्ये ग्रीसशी प्रेस्पा करार झाला, देशाने ‘उत्तर मॅसिडोनिया’ हे नाव घेतलं, तेव्हा कुठे २०२० मध्ये प्रवेश मिळाला. त्याच बुखारेस्ट परिषदेत युक्रेन आणि जॉर्जिया पुढे सदस्य होतील असं जाहीर झालं होतं, पण तारीख दिली नव्हती. रशियाने त्याच वर्षी जॉर्जियाशी युद्ध केलं, २०१४ मध्ये क्रिमिया घेतला आणि २०२२ मध्ये युक्रेनवर अनेक बाजूंनी हल्ला चढवला. इतकी वर्षं नुसतं आश्वासन आणि कवच काहीच नाही, ही अवस्था माझ्या मते स्पष्ट नकारापेक्षाही वाईट होती.