एका चित्रात तीन वेळा तोच!

दोस्तांनो, तुम्ही पाच वर्षांचे असताना, आत्ता आणि मोठे झाल्यावर कसे दिसता, हे सगळं एकाच चित्रात, एकाच खोलीत, एकाच वेळी दाखवता येईल का? फोटोत तर नाहीच येणार. पण माउरित्सी गोटलीब नावाच्या चित्रकारानं ही करामत १८७८ साली केली आणि तेव्हा तो अवघा बावीस वर्षांचा होता!

गोटलीबचा जन्म १८५६चा, द्रोहोबिच गावातला. हे गाव आज युक्रेनमध्ये आहे. घर ज्यू. त्यानं चित्रासाठी विषय निवडला योम किप्पूरचा, म्हणजे ज्यूंच्या सर्वांत पवित्र दिवसाचा. वर्षभरात हातून काय चुकलं ते आठवायचं, माफी मागायची आणि कडक उपास करायचा, पाणीसुद्धा प्यायचं नाही! हा उपास सुरू होतो संध्याकाळी, सूर्य मावळायच्या आधी, आणि सुटतो दुसऱ्या दिवशी आकाशात चांदण्या दिसू लागल्यावर. लहान मुलांना मात्र उपासातून सूट. मुलगा तेरा वर्षांचा झाला की त्यानं तो पाळायचा.

चित्र चांगलं आठ फूट उंच आहे. प्रार्थनेसाठी जमलेल्या पुरुषांच्या अंगावर 'तालित' आहेत. तालित म्हणजे प्रार्थनेच्या वेळी घ्यायची शाल. तिच्या चारही कोपऱ्यांना गाठी मारलेले गोंडे असतात. वरच्या सज्जात बायका आहेत. आणि या गर्दीत गोटलीब तीनदा सापडतो! एकदा छोटा मुलगा म्हणून, छान नक्षीदार कपडे घातलेला, गळ्यात पदक. दुसऱ्यांदा पोरसवदा, आणि तिसऱ्यांदा दाढीवाला तरुण, गालाला हात लावून विचारात बुडालेला. मला विचाराल तर तो छोटाच सगळ्यांत भारी. एवढ्या गंभीर दिवशी, एवढ्या मोठ्या माणसांत चित्रकारानं त्याला मागे कोपऱ्यात ढकललेलं नाही. प्रार्थनेत त्याचीही जागा आहे, मोठ्यांइतकीच.

आता जरा अंगावर काटा आणणारी गोष्ट. चित्रात मधोमध तोराची गुंडाळी आहे. तोरा हा ज्यूंचा धर्मग्रंथ. तो चामड्यावर हातानं लिहितात आणि त्याला कापडाचं आवरण घालतात. त्या आवरणावर गोटलीबनं हिब्रू अक्षरांत काय लिहिलं असेल? हे आवरण दिवंगत गोटलीबच्या स्मरणार्थ दिलं आहे, असं! स्वतः धडधाकट जिवंत असताना! का लिहिलं असेल, यावर जाणकार आजही विचार करतात. पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, क्राकूव शहरात तो खरोखरच वारला. वय तेवीस.

योम किप्पूर आपल्या महाराष्ट्रातही पाळतात बरं का. अलिबागला मागेन अबोथ नावाचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आहे. तिथे प्रार्थनेला जाणारी बेने इस्रायली, म्हणजे इथल्या ज्यूंची, घरं पिढ्यान् पिढ्या मराठी बोलत आली आहेत.

गोटलीबचं हे चित्र आता तेल अवीवच्या कलासंग्रहालयात आहे. तुम्हीही एक मोठा कागद घ्या. तुमच्या घरची आरती असो, नमाज असो, प्रार्थना असो की वंदना, ती काढा आणि तिच्यात स्वतःला तीन वयांत बसवा. मोठेपणीचा चेहरा काढताना आजी-आजोबांकडे नीट बघा, फार मदत होते!