सुई, तार आणि नळी

मुतखड्याने कंबरेत उठणारी कळ अनेकांच्या ओळखीची असते. पण खडा अडकलेला असताना थंडी वाजून ताप भरला, तर धोका निराळाच. मूत्रवाहिनी बंद झाल्याने लघवी मूत्रपिंडात तुंबते, तिच्यात पू होतो आणि वाढत्या दाबाने जंतू रक्तात शिरू लागतात. तिथे नुसत्या अँटिबायोटिक्सवर भागत नाही, कारण तुंबलेल्या मूत्रपिंडात औषध पुरेसे उतरत नाही. आधी निचरा, खडा नंतर.

मूत्राशयातून वर स्टेंट म्हणजे बारीक नळी सरकवून हा निचरा करता येतो. दुसरी वाट पाठीतून. रुग्णाला पालथे झोपवून फक्त तेवढ्या जागेला भूल देतात. सोनोग्राफीच्या पडद्यावर तुंबलेली लघवी काळी दिसते. त्या काळ्या भागाकडे डॉक्टर सुई नेतात, तीही मूत्रपिंडाच्या मागच्या-बाहेरच्या बाजूने. मोठ्या रक्तवाहिन्या तिथे विरळ असतात. सुईतून लघवी किंवा पू आला, की तिच्यातून बारीक तार आत सोडायची, सुई काढायची, तारेवरून वाट थोडी रुंद करायची आणि नळी सरकवायची. साधारण पावणेतीन मिलिमीटर जाडीची ही नळी आत गेल्यावर टोकाशी वेटोळे घेते, म्हणून सहजी निसटत नाही.

सुई-तार-नळीचा हा क्रम स्वीडनच्या स्वेन-इवार सेल्डिंगर यांनी 1953 मध्ये रक्तवाहिन्यांसाठी मांडला. 1955 मध्ये अमेरिकेत विलर्ड गुडविन आणि सहकाऱ्यांनी तुंबलेल्या मूत्रपिंडात पाठीतून नळी घालण्याची पद्धत प्रसिद्ध केली. 1976 मध्ये फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन या स्वीडिश डॉक्टरांनी अशाच वाटेने खडाच बाहेर काढल्याचे जगापुढे ठेवले. पाठीतून दुर्बिणीने खडा काढण्याच्या आजच्या शस्त्रक्रियेचे मूळ तिथे आहे.

धोके आहेतच: रक्तस्राव होऊ शकतो, जंतुसंसर्ग बळावू शकतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आधीच सांगावी. घरी नळीला जोडलेली लघवीची पिशवी कंबरेच्या खाली ठेवावी, नळीला पीळ वा ओढ बसू देऊ नये. लघवी एकाएकी थांबली, नळी निसटली किंवा पुन्हा ताप आला, तर लगेच रुग्णालय गाठावे.

पाठीला पिशवी लावणार म्हटले की घरचे हबकतात, ‘दोन दिवस गोळ्या घेऊन बघू’ म्हणतात. खडा आणि ताप एकत्र असताना ते दोन दिवस जिवावर बेततात. नळी बहुधा तात्पुरती असते. अडथळा दूर झाला की काढतात. म्हणून अशा तापात सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री रुग्णालयात जा.