जुना हरिगोल घेताना

म्हैसूर जिल्ह्यात तलकाडूला कावेरीत बांबूने विणलेल्या गोल होड्या दिसतात. हे हरिगोल. १५२०च्या सुमारास पोर्तुगीज प्रवासी डोमिंगो पाइशने विजयनगरात चामड्याने मढवलेल्या अशा होड्या पाहिल्या होत्या. आता चामड्याच्या जागी प्लॅस्टिकचं कापड आणि डांबर आलं आहे.

जुना हरिगोल उन्हात उलटा धरून आतून पाहा. छिद्रातून उजेड येतो. तिथे ठिगळ लावून गरम डांबर फासा. कुजलेली कांब मात्र बदलायलाच हवी, डांबराने ती सावरत नाही.

दोन मीटर व्यासाचा सपाट तळ एक सेंटिमीटर बुडाला की सुमारे ३१ लिटर पाणी बाजूला सारतो. म्हणजे ६२ किलोचा माणूस बसला तरी होडी जेमतेम दोन सेंटिमीटर खाली जाते! उथळ पाण्यातल्या मासेमारीला म्हणूनच ती इतकी सोयीची. ओलं जाळं मध्यभागी ठेवा, आणि जीवरक्षक जॅकेटशिवाय पाण्यात उतरू नका.