वाचक असेल, तर मूल लिहील

सुरतेच्या उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांतून जाताना मराठी कानी पडते, आणि तिच्याबरोबर अहिराणीही. तापीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या सुरत-भुसावळ लोहमार्गाने खान्देशातील हजारो कुटुंबे येथे आली आणि यंत्रमागांच्या खडखडाटात स्थिरावली. त्यांच्या मुलांसाठी सुरत महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजरातीबरोबरच मराठी माध्यमाच्या शाळाही चालविते. परभाषिक प्रांतात ही सोय असावी, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु मराठी शाळेत गेलेले मूल मराठी लिहू लागते काय, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. आणि तो केवळ सुरतेचा नव्हे, महाराष्ट्राचाही आहे.

आपल्याकडे लेखन शिकविण्याची रीत ठरलेली आहे. फळ्यावरचे उत्तर वहीत उतरवावे, मार्गदर्शकातला निबंध पाठ करावा आणि परीक्षेत तो ओकावा. 'माझा आवडता ऋतू' या विषयावर चाळीस मुले लिहितात, पण पावसाळा मात्र सर्वांचा एकच असतो. हे निबंध वाचणारा माणूसही एकच, तो म्हणजे तांबड्या शाईची लेखणी घेतलेला शिक्षक. त्याला जे आधीच ठाऊक आहे, तेच मुलाने त्याला सांगायचे. ज्याला काही सांगायचे नाही आणि ज्याला कोणी ऐकणारे नाही, त्याच्याकडून चांगल्या लेखनाची अपेक्षा कोणत्या न्यायाने करावी?

यावरचा उपाय शोधण्यासाठी आपणांस दूर जावे लागत नाही. याच लोहमार्गावर अमळनेर आहे. तेथील प्रताप हायस्कुलात 1924 पासून सहा वर्षे साने गुरुजी शिक्षक होते आणि छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. छात्रालयातील मुलांसाठी ते हस्तलिखित दैनिक काढीत. पुढे 1928 साली त्यांनी 'विद्यार्थी' मासिक सुरू केले. ज्या मुलाला सकाळी उठून आपल्या छात्रालयाचे पत्र वाचावेसे वाटते, त्याला उद्या त्यात आपलेही चार शब्द असावेत असे वाटणारच. योगायोग असा की, त्याच 1924 साली फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने या खेड्यातल्या शिक्षकाने वर्गात छोटे मुद्रणयंत्र आणले, मुलांनी लिहिलेला मजकूर मुलांकडूनच छापून घेतला आणि तो दुसऱ्या गावच्या शाळांना पाठविण्याची प्रथा पाडली. दोघांनीही मुलाच्या लेखनाला खराखुरा वाचक मिळवून दिला.

सुरतेच्या मातीलाही हा विचार परका नाही. मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर 1840 च्या दशकात येथील इंग्रजी शाळेत शिक्षक होते. दुर्गाराम मेहताजी हे गुजराती शिक्षक त्यांचे सहकारी. या मंडळींनी 1844 मध्ये मानवधर्मसभा स्थापिली आणि जादूटोणा, जातिभेद यांवर उघड सभांतून वाद केले. मेहताजींनी त्या सभांची टिपणे लिहून ठेवली. पुढे महिपतराम रूपराम यांनी त्यांचे चरित्र लिहिले, ते याच टिपणांच्या आधारे. सुरतेचाच कवी नर्मद याने शिक्षकाची नोकरी सोडून लेखणी हाती धरली आणि 1864 साली 'दांडियो' हे पत्र काढले. लेखन समाजापुढे ठेवायचे असते, ही जाण या शहरात शिक्षकांनीच रुजविली.

यास्तव आमची सूचना साधी आहे. प्रत्येक मराठी शाळेने आठवड्यातून एकदा भित्तिपत्रक लावावे आणि महिन्यातून एकदा त्यातील निवडक मजकूर हस्तलिखित स्वरूपात शेजारच्या शाळेस पाठवावा. विषय मुलांच्या भोवतालीच पडले आहेत. रात्रपाळीहून आलेले वडील दिवसा कसे झोपतात? आई साड्यांवर टिकल्या लावते, त्याचा हिशेब ती कसा ठेवते? ऑगस्ट 2006 मध्ये तापीचा पूर घरात शिरला, तेव्हा आजीने काय वाचविले? या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही मार्गदर्शकात नाहीत. ती मुलाला विचारून, ऐकून, जुळवूनच लिहावी लागतील. अहिराणी शब्द आला, तर तो खोडू नये; त्याचा अर्थ मात्र मुलाला द्यायला लावावा. शेजारच्या शाळेतून 'हे आम्हांला कळले नाही' असे पत्र आले की, परिच्छेद पुन्हा का लिहायचा हे मुलाला वेगळे शिकवावे लागत नाही.

यावर आक्षेप येतील. अशुद्ध मराठी भिंतीवर लागेल, असे कोणी म्हणेल. म्हणूनच पहिला खर्डा भिंतीवर लावू नये. तो शिक्षकाने मुलाजवळ बसून वाचावा आणि मुलाने स्वच्छ उतरवून मग लावावा. शुद्धलेखनाचा आग्रह तेथे मुलालाही पटतो, कारण आता चूक चारचौघांना दिसणार असते. घरातील दुःख किंवा कोणाची बदनामी भिंतीवर जाणार नाही, हे पाहणे शिक्षकाचे काम आहे. अधिक गंभीर आक्षेप वेळेचा आहे. माहिती भरण्याच्या आणि अशैक्षणिक कामांच्या ओझ्याखाली शिक्षक दबला आहे, हे आम्ही जाणतो. मग त्याच्या माथी आणखी एक काम मारण्याऐवजी, पाठांतराच्या निबंधांचे तास कमी करून ते यासाठी द्यावेत. खर्च कागद, डिंक आणि शाई एवढाच आहे.

सुरतेतील मराठी मंडळे गणेशोत्सव आणि शिवजयंती उत्साहाने साजरी करतात. त्यांनी वर्षातून एक दिवस या हस्तलिखितांचे प्रदर्शन मांडावे आणि पालकांना बोलवावे. आपल्या मुलीने लिहिलेली यंत्रमागाची हकीकत उभ्याने वाचणारा बाप मराठी शाळेचे महत्त्व कोणाच्या भाषणाविना समजून घेईल. परप्रांतात भाषा बोलण्यात दोन पिढ्या टिकते. तिसऱ्या पिढीत ती टिकायची, तर कोणीतरी ती लिहिली पाहिजे आणि कोणीतरी वाचली पाहिजे. त्यासाठी येत्या सत्राच्या आरंभी प्रत्येक शाळेने एक भिंत मोकळी करावी, एवढीच आमची विनंती आहे.