यूएसबी पोर्ट प्रतिसाद का देत नाही?

संगणकाला बाहेरची साधने एकाच प्रकारच्या जोडणीने जोडता यावीत म्हणून तयार झालेले यूएसबी हे मानक १९९६ साली प्रसिद्ध झाले. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून पदवी घेतलेले इंटेलमधील अभियंते अजय भट्ट यांचा त्याच्या जडणघडणीत मोठा वाटा होता. जोडणी इतकी सोपी झाली, की तिच्यामागे घडणारी प्रक्रिया वापरणाऱ्याच्या नजरेआड गेली, आणि ती मध्येच कुठे अडली की ‘पोर्ट गेला’ असा निष्कर्ष घाईने काढला जाऊ लागला. प्रत्यक्षात ही प्रक्रिया नेमकी कोणत्या पायरीवर थांबली, हे आधी शोधावे लागते.

जुन्या, चपट्या यूएसबी प्लगमध्ये चार धातूच्या पट्ट्या दिसतात. त्यांपैकी कडेच्या दोन किंचित लांब असतात, त्यामुळे प्लग आत सरकताना साधनाला आधी ५ व्होल्टचा वीजपुरवठा मिळतो आणि मगच माहिती वाहून नेणाऱ्या मधल्या दोन पट्ट्या टेकतात. त्यानंतर साधन आपल्याकडील दीड किलोओहमच्या रोधकाद्वारे या दोनपैकी एका तारेवरचा दाब वाढवते, आणि तेवढ्यावरून काहीतरी जोडले गेल्याचे संगणकाला कळते. मग संगणक साधनाला त्याची ओळख विचारतो, १ ते १२७ यांपैकी एक क्रमांक देतो आणि ते चालवणारी योग्य आज्ञावली, म्हणजे ड्रायव्हर, शोधतो.

म्हणूनच पडद्यावर ‘यूएसबी साधन ओळखता आले नाही’ असा संदेश झळकणे हे एका अर्थी सुचिन्हच आहे, कारण जोडणी झाल्याचे संगणकाला कळलेले असते आणि अडचण ओळख पटण्याच्या पायरीवर असते. अशा वेळी दोष बहुधा केबलमध्ये, साधनात किंवा मळलेल्या पट्ट्यांमध्ये सापडतो. साधनाचा दिवा लागूनही संगणकावर काहीच उमटत नसेल, तर माहितीच्या तारा नसलेली, केवळ चार्जिंगपुरती केबल वापरली गेली नाही ना, हे आधी पाहावे.

दिवाही लागत नसेल, तर पोर्टने स्वसंरक्षणार्थ वीज तोडलेली असण्याची शक्यता असते, आणि ही शक्यता फार थोड्यांच्या लक्षात येते. यूएसबी २.० पोर्टकडून ५००, तर ३.० पोर्टकडून ९०० मिलिअँपिअर प्रवाह मिळणे अपेक्षित असते. बिघडलेल्या साधनाने याहून बराच अधिक प्रवाह ओढला, तर अनेक संगणकांत पॉलिमर फ्यूज आड येतो: त्यातील पॉलिमर तापून प्रसरण पावतो, आत विखुरलेल्या कार्बनकणांची साखळी तुटते आणि प्रवाह जवळजवळ थांबतो. मात्र हा फ्यूज वितळून कायमचा निकामी होत नाही; थंड झाला की पुन्हा वीज वाहू देतो. त्यामुळे सर्व साधने काढून, संगणक पूर्ण बंद करून आणि त्याची पिन सॉकेटमधून उपसून काही मिनिटे थांबल्यावर मेलेला वाटणारा पोर्ट पुष्कळदा पूर्ववत होतो.

काही पोर्ट नुसते झोपलेले असतात. वीज वाचवण्यासाठी विंडोज निष्क्रिय साधनाला निद्रावस्थेत टाकते, आणि एखादे साधन त्यातून नीट जागे होत नाही. ही सोय वीजवापराच्या सेटिंग्जमध्ये बंद करता येते.

बिनतारी माऊस अडखळत असेल, तर प्रश्न निराळाच असू शकतो. यूएसबी ३.० च्या वेगवान संकेतांमुळे २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओगोंगाट निर्माण होतो, आणि बहुतेक बिनतारी माऊस याच पट्ट्यात चालतात. हा परिणाम इंटेलनेच २०१२ साली एका तांत्रिक निबंधात मांडला होता. माऊसचा रिसीव्हर दूरच्या पोर्टला किंवा छोट्या एक्स्टेन्शन केबलला लावला की त्रास बराच कमी होतो.

एवढे करूनही उपयोग झाला नाही, तर संगणक बंद करून विजेरीच्या उजेडात पोर्टच्या आत पाहावे. धूळ साचली असेल तर ती मऊ, कोरड्या ब्रशने काढावी. धातूची सुई आत घालू नये. आतली प्लास्टिकची जीभ मोडली असेल किंवा पट्ट्या वाकून एकमेकींना टेकत असतील, तर तो पोर्ट वापरणे थांबवावे, कारण अशा स्थितीत वीजपुरवठ्याची पट्टी शेजारच्या माहितीच्या पट्टीला भिडून जोडलेले साधन जळू शकते.